कसली लागण?

मी गोष्टी विसरत नाही. नोकरी प्राथमिक शाळेत आहे. पोरांची रोज दहा-वीस भांडणं मिटवते, हातात हात द्यायला लावते आणि आता विसरून जा म्हणते. स्वतःला मात्र ते कधी जमलं नाही. आमच्या शिराळ्याच्या बाजूला लोक नागाबद्दल सांगतात, तसा मी डूख धरते. हा डूख तीन वर्षं धरला होता, थोरल्या जावेवर. घरात, भावकीत, सगळ्या गावात तिला आक्का म्हणतात. मीही तोंडावर 'आवं आक्का' म्हणते, अहो-जाहो करते. इथं लिहिताना करणार नाही. इथं ती नुसती 'ती'. परतफेडीला सुरुवात इथूनच करते.

आधी एक शब्द सांगायला हवा, कारण सगळं रामायण त्या शब्दानं घडवलं. माझं माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. आमची मेंढरं, थोडी बाजरी, थोडी मटकी, तीही पाऊस आला तर. तिकडं शेतात होते ती पेरणी. 'लागण' होते ती रोगाची, मेंढराला नाहीतर माणसाला. लग्न होऊन सासरी आले आणि आठ दिवसांत सासरे म्हणाले, "उद्या घरात लागण हाय, लौकर उठा." कुणाला काय झालं म्हणून मी नवऱ्याला विचारलं, तर तो हसत सुटला. इकडं उसाच्या लावणीला लागण म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये करतात ती आडसाली लागण. हे मला माहीत नव्हतं याचं घरात महिनाभर कौतुक चाललं होतं. ते हसणं मी सोडून दिलं, नवी नवरी होते.

आता तिसऱ्या डोसाची गोष्ट. बूस्टर म्हणत त्याला. करोनाचे पहिले दोन डोस मी घेतले होते आणि दंड थोडा दुखण्यापलीकडं काही झालं नव्हतं. त्या पावसाळ्यात आरोग्य केंद्राच्या लोकांनी शुक्रवारी आमच्या शाळेतच शिबिर लावलं. मास्तर लोकांनी आधी घ्यायचा, म्हणजे गाव घेईल, असं ठरलं. मी रांगेत पहिली. दुसऱ्या दिवशी घरात लागण होती. तिच्यासाठी मी महिनाभर आधीच रजा टाकून ठेवली होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं माझ्यावर कामचुकारपणाचा शिक्का बसला. कामचुकार बाई कामासाठी रजा टाकत नाही.

आमच्या घरची पद्धत अशी, की लागणीच्या दिवशी पहिल्या सरीत पहिलं टिपरं थोरल्या सुनेनं लावायचं आणि दुसऱ्या सरीत धाकटीनं. टिपरं म्हणजे लावायला तोडलेला उसाचा दोन डोळ्यांचा तुकडा. त्याला हळदकुंकू लावायचं, चिखलात पायानं दाबायचं, मग नारळ फोडायचा आणि मग बायकांच्या टोळीनं कामाला लागायचं. माझ्या लग्नापासून एकदाही हे चुकलं नव्हतं. पोटात पोर असताना सातव्या महिन्यात मी सरीत उभी राहिले होते.

त्या शनिवारी सकाळी मला उठताच येईना. रात्रीतून अंगात कुणी वाळू भरल्यासारखं झालं होतं. डावा दंड टणक आणि गरम, हात खांद्याच्या वर जाईना, वेणी घालता येईना. दोन वाकळा अंगावर घेऊनही दात वाजत होते. ताप एकशे दोन. उभी राहिले की भिंत हलायची. नवऱ्याला म्हटलं, मला जमायचं नाही. तो फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यानं आयुष्यभर सुया टोचून घेतल्या आणि संध्याकाळी परेड केली. तो म्हणाला, झोप, बघू. आणि रानात गेला.

रानात काय झालं ते मला टोळीतल्याच एका म्हातारीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि तिनं ते मोठं विनोदी म्हणून सांगितलं. नारळ हातात घेऊन सगळे थांबले होते. धाकटी कुठं आहे म्हणून कुणीतरी विचारलं. तेव्हा ती, आमची आक्का, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लागण आली, की हिला लागण हुती."

चौदा बायका हसल्या. भावकीतले दोघं-तिघं हसले. माझा नवराही हसला. तो नाही म्हणतो, पण म्हातारीनं पाहिलं होतं.

आता वाक्य म्हणून ते चांगलंच आहे, हे मीही मान्य करते. मराठी शिकवते मी, श्लेष मला कळतो. पण त्या वाक्यानं माझा ताप खोटा ठरवला. आणि वाक्य जमलेलं असलं की लोक ते जपून ठेवतात. पुढं कुणालाही शिंक आली की घरात म्हणायचे, का रं, लागण आली वाटतं. शाळेत मी घसा बसला म्हणून दोन तास गप्प राहिले, तर टोळीतल्या एकीची पोरगी बाकावरून शेजारणीच्या कानात तेच पुटपुटली. नऊ वर्षांची पोर. मी तिला काही बोलले नाही. तिची काय चूक?

पण नुसतं एवढंच असतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं. खरं दुखणं त्याच दुपारचं आहे.

दहाच्या सुमारास माझ्या आईचा फोन आला. माझा फोन चुलीपाशी राहिला होता आणि ती भाकरी न्यायला रानातून घरी आली होती. तिनं उचलला. आईनं विचारलं, लेक कुठं हाय? तिनं सांगितलं, "घरात लागण हाय, ती झोपलीया." आणि ठेवून दिला.

माणदेशात बसलेल्या माझ्या आईनं काय ऐकलं असेल ते सांगायला नको. करोना नुकताच कुठं मागं पडला होता. आमच्या वाडीतली तीन माणसं गेली होती. आईनं धाकट्या भावाला मेंढरांतून बोलावून घेतलं. त्यानं गावच्या आशाताईकडून बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र मागून घेतलं. आईनं बाटलीत काढा भरून दिला आणि आमच्या मेंढरांच्या लोकरीचं नवं घोंगडं बांधून दिलं. तो मोटारसायकलवर बसला आणि पावसातून साडेतीन तास गाडी हाणत शिराळ्याला आला. मध्ये कुठं थांबला नाही.

आमचं रान रस्त्याला लागूनच आहे. तो बांधावर उभा राहिला, तोंडाला दुहेरी मास्क, त्यावर टॉवेल, आणि पुढं यायला तयार नाही. लांबूनच ओरडून त्यानं विचारलं, ताईला दम लागतोय का? बायका काम थांबवून बघायला लागल्या. कुणाला काही उमगेना. उमगलं तिलाच, आणि ती हसायला लागली ती पोट धरून. म्हणाली, "पाव्हणं, लागण उसाची हाय. तुमच्यात कुनी बघितली न्हाई, म्हनून सांगते." मग चौदाच्या चौदा बायका हसल्या. दिवसभरातली दुसरी करमणूक.

त्यानं गाडीला किक मारली. घरी आला, पण उंबरा ओलांडला नाही. माझ्या खोलीच्या खिडकीपाशी आला, गजातून हात घातला आणि माझ्या बोटाला ते यंत्र लावलं. माझ्या अंगाचा चटका त्याला लागला असणारच. त्यानं आकडा वाचला, म्हणाला, "दम बरा हाय. ताप लय हाय. झोप." घोंगडं आणि काढा मागोमाग रानातून आलेल्या नवऱ्याच्या हातात दिला. चहा ठेवतो असं नवरा म्हणाला, तर नगं म्हणाला. पाणी दिलं, तेही नगं म्हणाला. पुन्हा साडेतीन तास.

साऱ्या घरादारात त्या दिवशी माझा ताप फक्त त्यानं मोजला होता.

त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही. आता पंचमीचं सांगते. आमच्याकडं नागपंचमीला बहीण भावासाठी उपास धरते आणि भाऊ तिला माहेरी न्यायला येतो. त्याला मुराळी म्हणतात. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, केस पिकले, तरी माझा मुराळी दर पंचमीला येत होता. लोक चेष्टा करायचे, अजून न्यायला येतो का म्हणून. मला त्या चेष्टेचं फार सुख होतं. त्या वर्षी पंचमी लागणीनंतर तीनच दिवसांनी आली आणि तो आला नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. फोनवर नीट बोलायचा. यायचं विचारलं की मेंढरं सांगायचा. मी उपास धरत होते आणि एसटीनं एकटी जात होते. कराडच्या स्टँडवर बाकड्यावर बसून दरवेळी मी ते वाक्य मनात म्हणत होते आणि दरवेळी डूख नवा होत होता.

ताप माझा दोन दिवसांत गेला. नंतर काखेत सुपारीएवढी गाठ आली. बाईच्या जातीला काखेत गाठ म्हटलं की काय-काय मनात येतं ते बायकांना माहीत आहे. नवऱ्याला सांगितलं, त्यानं भाबडेपणानं आक्काला सांगितलं, आणि ती म्हणाली म्हणे, ताप झाला, आता गाठ काढली व्हय हिनं. मी एकटी सांगलीला जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी हात लावला, तारीख विचारली, म्हणाल्या, लस दिलेल्या बाजूला अशी गाठ येते कधीकधी, शरीर कामाला लागल्याची खूण आहे, दोन-तीन आठवडे बघू, गेली नाही तर तपासू. बाराव्या दिवशी ती गेली. बारा दिवस मी कुणाशी काही बोलले नाही.

म्हणजे सुईवर माझा राग नाही. हे स्पष्ट लिहिते, नाहीतर कुणीतरी माझं नाव पुढं करून डोस बुडवायचा. मला खडूच्या धुळीनं दमा आहे, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दरवर्षी फ्लूची लस घ्यायला सांगितली आणि मी ती दरवर्षी घेते. त्यानंही माझं अंग एक दिवस ठणकतं, कणकण येते, तोंड कडू होतं. पण ती लस मी साताऱ्याला जाऊन घेते. तिथं माझी बहीण राहते. घरी मी प्रशिक्षण आहे म्हणून सांगायची. दोन दिवस तिच्या मागच्या खोलीत झोपायची. बहीण दहीभात आणून ठेवायची, कपाळाला हात लावायची, "आलाय गं" म्हणायची आणि दार ओढून घ्यायची. ते 'आलाय गं' ऐकायला मी शिराळ्याहून साताऱ्याला जात होते. आपल्या घरात आजारी पडायची चोरी झाली की माणूस असं काहीतरी करतं.

मग गेल्या उन्हाळ्यात ती आजारी पडली. साखर तिला आधीपासून होती. त्यात साधा फ्लू झाला आणि छातीत उतरला. मिरजेच्या दवाखान्यात दहा दिवस काढले. तिच्यापाशी मीच होते. तिला सून नाही, मुलगी लांब दिली आहे, आणि मी सुट्टीत मोकळी. मी सगळं केलं, भांडं देण्यापासून केस विंचरण्यापर्यंत. मनापासून केलं का? नाही. करायचं म्हणून केलं. घरी जाताना डॉक्टरांनी सांगितलं, साखरेच्या माणसाला हा आजार पुन्हा परवडायचा नाही, पावसाळ्याच्या तोंडाला फ्लूची लस द्या आणि दरवर्षी देत जा. ती म्हणाली, करोनाचे दोन घेतले, मुंगी चावल्यासारखं बी झालं न्हाई. तिसरा तिनं घेतलाच नव्हता, माझी गंमत बघून.

पावसाळ्याच्या तोंडाचं मागं पडत जुलै उजाडला. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उशीर झालाय, या आठवड्यात नाहीतर पुढच्या आठवड्यात घेऊन या, कुठलाही दिवस चालेल. त्या आठवड्यात बुधवारी आमच्या घरात लागण होती. मी मंगळवार निवडला.

हे मी चुकून केलं नाही. कॅलेंडरसमोर उभं राहून, बोट ठेवून केलं. पुढचा अख्खा आठवडा मोकळा होता. सुई दिल्यावर तिला बाहेर बसवून डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, एक-दोन दिवस अंग दुखेल, ताप येईल थोडा, घाबरू नका म्हणून सांगा त्यांना. मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. पण तापाच्या गोळ्या घेतल्या, साखर मोजायच्या पट्ट्या घेतल्या, ताप कितीवर गेला तर फोन करायचा तेही विचारून घेतलं. सूड घ्यायचा होता, जिवाशी खेळायचं नव्हतं. येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हात तिच्या मायला जरा जडच झालाय." मी म्हटलं, "व्हय का?" आणि ओठ दाबून बसले. मला आनंद झाला होता. लपवून काय करू?

बुधवारी सकाळी ती उठली, पण मी बघतच होते. डोळे लाल. चहाची कपबशी डाव्या हातानं उचलायला गेली आणि पुन्हा खाली ठेवली. भाकरीला बसली, तर पीठ मळवेना. म्हणाली, "तूच थाप आज, माझ्या हाताला कळ लागलीया." टोळीच्या सगळ्या भाकरी मी एकटीनं थापल्या. तेव्हा ध्यानात आलं, की त्या वर्षी मी वाकळेत असताना एवढ्या सगळ्या तिनं एकटीनं थापल्या असणार. हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. सुचलं म्हणून राग कमी झाला असं मात्र नाही.

रानात तीच टोळी, तीच म्हातारी. सरीत पाणी सोडलेलं. नवऱ्याच्या हातात नारळ. तिनं पहिलं टिपरं घेतलं, हळदकुंकू लावलं, दाबायला पाय उचलला आणि थडथडून बांधावर बसली. ओठ निळसर, पदर अंगाभोवती आवळून घेतलेला. सगळे बघत होते. तीन वर्षं चुलीसमोर, कराडच्या बाकड्यावर, वर्गात पोरं पाढे म्हणत असताना मी ज्या घडीची तालीम केली, ती हीच. मी माझ्या सरीत उभी राहिले, कमरेवर हात ठेवले आणि मोठ्यानं म्हटलं, "लागण आली, की आक्कास्नी लागण झाली."

बायका खदाखदा हसल्या. आणि तीही हसली. दात वाजत असताना हसली. म्हणाली, "हे ब्येस हाय गं. कुनी काढलं?"

तिच्या ध्यानातच नव्हतं.

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले, नाटक करते का म्हणून. नव्हती करत. तिनं ते त्या दिवशी म्हटलं आणि भाकरीच्या टोपलीसारखं रानात ठेवून घरी गेली. तीन वर्षं ते मी एकटीनं वाहिलं. मला असा संताप आला, की हातातलं टिपरं मोडावं वाटलं. ज्याला मारायचं त्याला लागलंच नाही, तर त्याला काय सूड म्हणायचं?

तिला धरून घरी आणली, खोलीत निजवली. ताप एकशे एक. साखर बघितली, ठीक होती. गोळी दिली. ती कुशीवर होऊन भिंतीकडं तोंड करून पडली. बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाली, "लय ठणकतंय गं. तुला बी असंच झालं हुतं काय, त्या वक्ताला?"

एवढंच विचारायला तिला तीन वर्षं आणि एक सुई लागली. मी उत्तर दिलं नाही, कैफियत मांडली. वाक्य कुणी काढलं ते सांगितलं. काखेतली गाठ सांगितली, बारा दिवस सांगितले. साताऱ्याची खोटी प्रशिक्षणं सांगितली. भाऊ बांधावर कसा उभा होता, पाणी न घेता कसा गेला, आणि तीन पंचम्या मी स्टँडवर एकटी कशी बसले, ते सगळं सांगितलं. आवाज चढला असणार, कारण बाहेर ओसरीवर बायका जेवायला बसल्या होत्या आणि त्यांचं बोलणं बंद पडलं.

ती म्हणाली, "मी म्हटलं हुतं व्हय हे? मला खरंच ठावं न्हाई." मग म्हणाली, "पंचमी कवा हाय?"

मी म्हटलं, रविवारी.

"बोलव की मग त्याला."

मी भावाचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि तिच्या उशीवर ठेवला. म्हटलं, "मी न्हाई बोलवायची. तुमी बोलवा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. घंटी वाजत होती. दार उघडं होतं, ओसरीवर भाकरी मोडल्याचाही आवाज येत नव्हता. त्यानं उचलला. मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू आल्या.

"पाव्हणं," ती म्हणाली, "आज घरात लागण हाय. ती उरकली की पंचमी. हिला न्यायाला या."

त्यानं विचारलं, "कसली?"

तिला कधी शब्दाची वाण पडली नाही, पण त्या घडीला पडली. तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडं बघितलं, की मी काही सुचवीन. मला पन्नास उत्तरं येत होती. मी वाकळेचा दोरा ओढत बसले.

"उसाची," ती शेवटी म्हणाली. "त्या वक्ताला बी उसाचीच हुती. पर हिचा ताप खरा हुता, पाव्हणं."

"ते मला तवाच ठावं हुतं," भाऊ म्हणाला. "तुमाला कवा कळलं?"

"आज."

ओसरीवरची म्हातारी हळूच खोकली. भाऊ म्हणाला, रविवारी सकाळी येतो, आणि ताईला सांगा पाणी भरून ठेव. फोन बंद झाला. तिला पुन्हा हुडहुडी भरली होती. मी ट्रंक उघडली आणि भावानं आणलेलं घोंगडं काढलं. तीन वर्षांत मी त्याची घडी मोडली नव्हती. आमच्या मेंढरांची लोकर, जाड आणि खरखरीत. तिच्या अंगावर ते नीट, गळ्यापर्यंत पांघरलं. पांघरताना माझा हात तिच्या सुजलेल्या दंडाला लागला, आणि थोडा जोरातच लागला. ती आई गं म्हणून कळवळली.

चुकून लागला नव्हता.